प्लेट नदीच्या मुखापासून दीवच्या किल्ल्यापर्यंत

दुसऱ्या महायुद्धात लढलेल्या ब्रिटिश नौदलाच्या क्रूझरांपैकी दोन पुढे स्वतंत्र भारताच्या नौदलात दाखल झाल्या. ‘अकिलीस’ ही १९४८ साली ‘दिल्ली’ झाली आणि ‘नायजेरिया’ ही १९५७ साली ‘म्हैसूर’ झाली. ब्रिटिश आणि न्यूझीलंडच्या ग्रंथांत ‘अकिलीस’ची कथा बहुधा १९४६ साली संपते, तर भारतीय नौदलाच्या इतिहासात ‘दिल्ली’ची कथा १९४८ साली सुरू होते. त्यामुळे एकाच जहाजाचे चव्वेचाळीस वर्षांचे आयुष्य दोन अर्ध्या कथांत विभागले गेले आहे. या दोन्ही कथा सलग वाचल्या की एक गोष्ट ठळकपणे लक्षात येते, ती ही की साम्राज्याच्या रक्षणासाठी बांधलेल्या एकाच पोलादी सांगाड्यावर प्रथम न्यूझीलंडने आणि नंतर भारताने स्वतःचे नौदल उभे करण्याचे शिक्षण घेतले. या नौकेचे खरे महत्त्व तिने झाडलेल्या गोळ्यांइतकेच या शिक्षणात आहे.

क्रूझर ही बॅटलशिप आणि विनाशिका यांच्या मधली युद्धनौका होय. बॅटलशिप अवाढव्य, जाड चिलखताची आणि बांधायला अत्यंत महाग असे, तर विनाशिका चपळ असली तरी लहान असून तिच्यात दूरच्या सफरींपुरते इंधन मावत नसे. ब्रिटनचे धान्य, तेल आणि कच्चा माल जगाच्या चारही दिशांनी समुद्रमार्गे येत असल्यामुळे त्या मार्गांवर एकटीने महिनोन्‌महिने गस्त घालू शकेल, शत्रूच्या एकट्या जहाजाला गाठू शकेल आणि स्वतःपेक्षा बलाढ्य नौकेपासून वेगाच्या जोरावर निसटू शकेल अशी नौका त्या देशाला हवी होती. ही गरज क्रूझरने भागवली. १९३० च्या लंडन नौदल कराराने या नौकांचे तोफांच्या व्यासावरून दोन प्रकार ठरवले. आठ इंची तोफांची ती जड क्रूझर आणि ६.१ इंचांपर्यंतच्या तोफांची ती हलकी क्रूझर.

‘अकिलीस’ ही ‘लिअँडर’ वर्गातली हलकी क्रूझर इंग्लंडमधील बर्कनहेड येथे कॅमल लेअर्डच्या गोदीत बांधली गेली. १ सप्टेंबर १९३२ रोजी ती पाण्यात उतरली आणि पुढच्या वर्षी सेवेत दाखल झाली. लांबी सुमारे १६९ मीटर, वजन सात हजार टनांच्या आसपास, वेग ३२ नॉटहून अधिक, म्हणजे ताशी साठ किलोमीटरच्या घरात, आणि सहा इंची आठ तोफा असा तिचा आटोप होता. या तोफा जोडीजोडीने चार टरेटांत बसवलेल्या होत्या. टरेट म्हणजे पोलादी कवचाने झाकलेला आणि तोफांसह फिरणारा बुरूज होय. १९३६ साली ही नौका ब्रिटिश नौदलाच्या न्यूझीलंड विभागाकडे सोपवण्यात आली. युद्ध सुरू झाले तेव्हा तिच्यावरच्या साडेपाचशेहून अधिक माणसांपैकी निम्म्याहून जास्त न्यूझीलंडचे रहिवासी होते, आणि तिचे कप्तान होते ब्रिटिश नौदलाचे विल्यम एडवर्ड पॅरी.

१९३९ च्या शरद ऋतूत ‘अ‍ॅडमिरल ग्राफ श्पे’ ही जर्मन नौका दक्षिण अटलांटिक आणि हिंदी महासागरात व्यापारी जहाजांची शिकार करीत होती. तिने एकूण नऊ जहाजे बुडवली, मात्र तिचे कप्तान हान्स लांग्सडोर्फ यांनी या साऱ्या मोहिमेत त्या जहाजांवरचा एकही खलाशी मरू दिला नाही, ही बाब शत्रूच्या बाजूची असली तरी नोंदवलीच पाहिजे. ‘ग्राफ श्पे’ला ‘पॉकेट बॅटलशिप’ म्हणत. व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर घातलेल्या वजनाच्या मर्यादेभोवती आखलेल्या या नौकेत क्रूझरच्या आकारात बॅटलशिपच्या तोफा बसवलेल्या होत्या. तिच्या अकरा इंची सहा तोफांचा एकेक गोळा सुमारे तीनशे किलो वजनाचा असे, तर ‘अकिलीस’च्या गोळ्याचे वजन अवघे पन्नास किलोंच्या आसपास. ‘ग्राफ श्पे’ला पकडू शकतील अशा तिच्याहून जलद आणि बलाढ्य नौका जगात मोजक्याच होत्या.

ब्रिटिश कमोडोर हेन्री हारवुड यांनी अंदाज बांधला की अर्जेंटिना आणि उरुग्वे यांच्यामधल्या प्लेट नदीच्या मुखाशी होणारी व्यापारी जहाजांची दाट ये-जा या शिकाऱ्याला आज ना उद्या ओढून आणील, आणि तिथेच त्यांनी आपल्या तीन क्रूझर एकत्र केल्या. ‘एक्झेटर’ आठ इंची तोफांची होती, तर ‘एजॅक्स’ आणि ‘अकिलीस’ सहा इंची तोफांच्या होत्या. १३ डिसेंबर १९३९ च्या पहाटे हा अंदाज खरा ठरला. हारवुड यांची योजना साधी होती, पण तिच्यामागचा विचार खोल होता. तिन्ही नौका एकाच रांगेत लढल्या असत्या, तर ‘ग्राफ श्पे’ला दुरूनच एकेकीचा निकाल लावता आला असता, म्हणून ‘एक्झेटर’ने एका अंगाने आणि दोन हलक्या क्रूझरांनी दुसऱ्या अंगाने चालून जायचे, जेणेकरून शत्रूला आपला मारा विभागावा लागेल आणि दोन दिशांकडून येणाऱ्या गोळ्यांचा हिशोब करावा लागेल. लांग्सडोर्फ यांनी प्रथम ‘एक्झेटर’ला लक्ष्य केले. तासाभरात त्या नौकेच्या तोफा एकामागून एक निकामी झाल्या आणि तिला लढाईतून बाहेर पडावे लागले. पण तिच्यावर मारा चालू असताना ‘अकिलीस’ आणि ‘एजॅक्स’ अंतर कमी करीत गेल्या.

या लढाईत ‘अकिलीस’वर थेट गोळा आदळला नाही, तरीही जवळच पाण्यात फुटलेल्या एका गोळ्याच्या पोलादी किरचा तिच्या नेमबाजी-नियंत्रण मनोऱ्यात घुसल्या. हा मनोरा म्हणजे क्रूझरचे डोळे आणि मेंदू. डोलकाठीजवळ उंचावर बसलेले तिथले अधिकारी दुर्बिणीतून शत्रूचे अंतर, दिशा आणि वेग मोजतात, पडलेल्या गोळ्यांनी उडालेले पाण्याचे स्तंभ पाहून पुढच्या फैरीसाठी दुरुस्ती कळवतात, आणि त्या एका हिशोबावर सगळ्या तोफा एकाच वेळी डागल्या जातात. मनोरा बंद पडला तर प्रत्येक टरेटातील गोलंदाजाला स्वतःच्या नजरेवर विसंबून गोळा सोडावा लागतो, आणि वीस किलोमीटरच्या पल्ल्यावर तशा माऱ्याचा भरवसा फारच कमी. तिथल्या तोफखान्याचे प्रमुख लेफ्टनंट रिचर्ड वॉशबर्न डोक्याला जखम झालेली असतानाही भोवतीच्या मृत आणि जखमी सहकाऱ्यांमध्ये बसून मारा चालवीत राहिले. कप्तान पॅरी यांचे पायही जखमी झाले. ‘अकिलीस’चे चार, ‘एजॅक्स’चे सात आणि ‘एक्झेटर’चे एकसष्ट नौसैनिक त्या दिवशी मरण पावले, तर ‘ग्राफ श्पे’वर छत्तीस जण मरण पावले. बाराशेहून अधिक गोळे झाडून झाल्यावरही ‘अकिलीस’ने ‘एजॅक्स’सह दिवसभर आणि रात्री उशिरापर्यंत शत्रूचा पाठलाग सोडला नाही. लढाईच्या धामधुमीतच तिच्या खलाशांनी डोलकाठीवर न्यूझीलंडचा झेंडा चढवला होता. कागदोपत्री ही नौका ब्रिटिश होती, पण आपण कोणाच्या वतीने लढत आहोत हे त्या माणसांनी अशा रीतीने जाहीर केले, आणि न्यूझीलंडच्या लष्करी इतिहासात या कृतीला आजही मानाचे स्थान आहे.

‘ग्राफ श्पे’ने मॉन्टेव्हिडिओ बंदरात आश्रय घेतला. उरुग्वे हा तटस्थ देश असल्यामुळे तिथे युद्धनौकेला मर्यादित काळच थांबता येत असे, आणि उरुग्वेच्या सरकारने बहात्तर तासांची मुदत दिली. बाहेर टपून बसलेल्या नौकांत फक्त ‘कंबरलँड’ ही एक क्रूझर नव्याने येऊन मिळाली होती, पण बलाढ्य युद्धनौका ‘रिनाउन’ आणि विमानवाहू ‘आर्क रॉयल’ जवळच पोहोचल्याच्या अफवा ब्रिटिशांनी अशा खुबीने पसरवल्या की लांग्सडोर्फ यांना सुटकेची आशा उरली नाही. १७ डिसेंबरला त्यांनी आपली नौका स्वतःच्याच हातांनी उडवून दिली आणि तीन दिवसांच्या आत आत्महत्या केली. २३ फेब्रुवारी १९४० रोजी ‘अकिलीस’ ऑकलंडला परतली तेव्हा तिच्या खलाशांच्या स्वागतासाठी रस्त्यांवर अलोट गर्दी लोटली होती. १ ऑक्टोबर १९४१ पासून न्यूझीलंडचे नौदल स्वतंत्र नावाने ओळखले जाऊ लागले आणि ही क्रूझर त्याचा भाग बनली.

प्लेट नदीच्या लढाईवर पुस्तकांचा ढीग आहे, पण या नौकेला त्याहून जास्त रक्त सांडावे लागले ते प्रशांत महासागरात. ५ जानेवारी १९४३ रोजी सॉलोमन बेटांतील ग्वाडलकॅनालजवळ एका जपानी विमानाने टाकलेला बॉम्ब तिच्या नाळेकडून तिसऱ्या टरेटचे छत फोडून आत शिरला आणि तेरा माणसे मरण पावली. दुरुस्तीसाठी ती इंग्लंडमध्ये पोर्ट्‌स्मथला गेली असता जून १९४३ मध्ये तिच्या इंधनटाकीत स्फोट होऊन गोदीतले चौदा कामगार दगावले. युद्धनौकेच्या इतिहासात गोदी कामगारांच्या मृत्यूची नोंद सहसा तळटीपेपुरतीच येते. वास्तविक ते मृत्यूही युद्धाचेच होते. निकामी झालेला टरेट पुन्हा बसवला गेला नाही आणि त्याच्या जागी विमानविरोधी लहान तोफा आल्या, कारण आता क्रूझरचा मुख्य शत्रू आकाशातून येत होता. १९४५ साली ती ब्रिटिश प्रशांत ताफ्यात होती, ट्रुक बेटांवरच्या तोफमाऱ्यात तिने भाग घेतला, आणि युद्ध संपल्यावर १९४६ साली ब्रिटनकडे परत गेली.

नेमक्या त्याच वर्षी, फेब्रुवारी १९४६ मध्ये, मुंबईत ‘तलवार’ या तळावर निकृष्ट अन्न आणि अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध भारतीय नौसैनिकांचा उठाव झाला आणि तो मोडण्यासाठी ब्रिटिशांनी ‘ग्लासगो’ ही क्रूझर तातडीने मुंबईकडे धाडली. या पार्श्वभूमीवर ५ जुलै १९४८ रोजी ‘अकिलीस’ भारताच्या ताब्यात येऊन ‘दिल्ली’ झाली, ही घटना निव्वळ जहाजखरेदीची राहत नाही. महायुद्धाआधी हिंदी नौदल म्हणजे मूठभर लहान नौकांचा ताफा होता, त्यात कोकणातल्या रत्नागिरीकडच्या दर्यावर्दी कुटुंबांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या भरती होत, पण मोठ्या नौकेवर अधिकार गाजवण्याची संधी भारतीयांना मिळालेली नव्हती. ‘दिल्ली’चे पहिले कप्तान ब्रिटिशच होते, मात्र त्यांच्या हाताखालचे प्रमुख अधिकारी होते राम दास कटारी, जे १९५८ साली भारतीय नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. आणि ‘दिल्ली’ मुंबईत पोहोचली तेव्हा नौदलाचे सरसेनापतिपद कोणाकडे होते, तर प्लेटच्या लढाईत याच जहाजावर जखमी झालेल्या एडवर्ड पॅरी यांच्याकडे.

‘दिल्ली’ मुंबईत दाखल झाली तो महिना सप्टेंबर १९४८ चा. मराठवाड्यातील परभणी, झरी, जिंतूर हा सारा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि त्याच महिन्याच्या १७ तारखेला मराठवाडा त्या राजवटीतून मुक्त झाला. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या भागाचा नौदलाशी संबंध कोणता, असा प्रश्न पडू शकतो. पण निजामाने पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांना विमानांच्या एका संपूर्ण पथकासाठी पैसा दिला होता, आणि दुसऱ्या महायुद्धात ‘निजाम’ नावाची विनाशिका त्याच्याच देणगीतून बांधली जाऊन ऑस्ट्रेलियन खलाशांसह लढली. संस्थानाच्या तिजोरीत मराठवाड्यातल्या कुणब्याचा शेतसारा जमा होत असल्यामुळे गोदावरी-दुधनेच्या काळ्या रानातल्या कष्टाचा वाटा, त्या कष्टकऱ्याला न विचारता, भूमध्य समुद्रातल्या युद्धापर्यंत पोहोचला होता.

पुढे ‘म्हैसूर’ झालेल्या दुसऱ्या क्रूझरचे युद्धही थोडक्यात सांगायला हवे. ‘नायजेरिया’ आणि तिच्या सोबतच्या विनाशिकांनी जून १९४१ मध्ये ‘लाउएनबुर्ग’ हे जर्मन हवामान-निरीक्षण जहाज पकडले आणि त्यावर सापडलेल्या सांकेतिक कागदपत्रांचा जर्मनांच्या ‘एनिग्मा’ या सांकेतिक यंत्राचे संदेश उलगडण्यास मोठा उपयोग झाला. ऑगस्ट १९४२ मध्ये माल्टा बेटाला रसद पोहोचवणाऱ्या ताफ्याचे संरक्षण करताना इटालियन पाणबुडीच्या पाणतीराने ती जबर जखमी झाली आणि तिचे बावन्न नौसैनिक मरण पावले.

डिसेंबर १९६१ च्या गोवा मुक्तीच्या मोहिमेत या दोन्ही जुन्या क्रूझर एकत्र उतरल्या. समुद्रावरील कारवाईची सूत्रे रिअर अ‍ॅडमिरल भास्कर सदाशिव सोमण या मराठी अधिकाऱ्याकडे होती, जे पुढच्याच वर्षी नौदलप्रमुख झाले. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर ‘म्हैसूर’ आणि ‘त्रिशूल’ यांनी तोफांच्या संरक्षणाखाली नौसैनिक उतरवले आणि त्या लढाईत सात भारतीय नौसैनिकांना वीरमरण आले. दीवला लष्कराच्या तुकड्या किल्ल्यातल्या पोर्तुगीज शिबंदीच्या माऱ्यामुळे अडल्या असताना कॅप्टन एन. कृष्णन यांच्या नेतृत्वाखाली ‘दिल्ली’ किनाऱ्याजवळ आली आणि तिच्या सहा इंची तोफांनी किल्ल्याचा वेध घेतला. ज्या नौकेचे पहिले मोठे युद्ध दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर झाले, तिनेच दीवमध्ये सव्वाचारशे वर्षे टिकलेल्या पोर्तुगीज सत्तेच्या अखेरीला हातभार लावला. साम्राज्यासाठी बांधलेली नौका वसाहतवादाच्या विरोधात लढली, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाला समाधान देणारी आहे.

मधल्या काळात १९५० साली पंडित नेहरूंनी याच जहाजातून इंडोनेशियाचा प्रवास केला, आणि प्लेटच्या लढाईवर १९५६ साली निघालेल्या ब्रिटिश चित्रपटात ‘अकिलीस’ची भूमिका प्रत्यक्ष ‘दिल्ली’नेच केली. शेवटची काही वर्षे तिने नौदलाच्या उमेदवारांना समुद्राचे शिक्षण दिले. ३० जून १९७८ रोजी ती मुंबईत निवृत्त झाली आणि पुढे मोडीत निघाली. तिचा एक टरेट भारताने न्यूझीलंडला भेट दिला, तो ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नौदल तळाच्या प्रवेशाशी उभा आहे. तिचे नाव माझगाव डॉकमध्ये बांधल्या गेलेल्या आणि १९९७ साली दाखल झालेल्या नव्या ‘दिल्ली’कडे आले. ही नवी नौका लांबीने आणि वजनाने जुनीच्याच जवळपास आहे, पण तिला आता क्रूझर न म्हणता विनाशिका म्हणतात, आणि जुनीच्या तोफेचा गोळा वीस-बावीस किलोमीटरवर पोहोचत असे तिथे नवीवर बसवलेले जहाजविरोधी क्षेपणास्त्र शंभर किलोमीटरच्याही पलीकडचे लक्ष्य गाठते.