ट्रकच्या हौद्यात जीप

कधी नाव गाडीवर, कधी गाडी नावेवर, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. गाडीवर गाडी मात्र त्या म्हणीत नाही. तुमची मुलगी किंवा भाचा अमेरिकेत असेल आणि त्यांच्यासोबत तुम्ही एखाद्या छोट्या गावाकडे फिरायला गेला असाल, तर हे दृश्य कदाचित पाहिलंही असेल : हिरवा, दहा चाकांचा, नाकाड पुढे काढलेला जुना लष्करी ट्रक आणि त्याच्या हौद्यात ऐटीत उभी एक लहानशी जीप.

तिकडे हा बऱ्यापैकी जुना छंद आहे. सैन्याने काढून टाकलेले ट्रक लिलावात विकले जातात आणि शेतकरी, लाकूडवाले, डोंगरात भटकणारे हौशी लोक ते घेतात. मग एक दिवस डोक्यात येतं, एवढा मोठा हौदा रिकामा का न्यायचा? आपली जंगलात फिरायची छोटी गाडी त्यातच घालून नेऊ. कल्पना छान आहे. पण छातीएवढ्या उंचीवर टनभर लोखंड ठेवून रस्त्यावर निघायचं म्हणजे गंमत नाही. घरातलं कोणी या नादाला लागलं असेल, तर काय विचारायचं हे तुम्हाला माहीत असायला हवं.

दुर्री आणि अर्धा

या ट्रकांमधला सगळ्यांचा लाडका म्हणजे एम-३५. त्याचं टोपणनाव ‘ड्यूस अँड अ हाफ’. ड्यूस म्हणजे पत्त्यांतली दुर्री; दोन आणि वर अर्धा, म्हणजे अडीच टनी. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन अडीच टनी ट्रकांनाही हेच नाव होतं. एम-३५ हा त्यांचा वारसदार, १९५०च्या सुमाराला रिओ कंपनीने आणलेला आणि नंतर कित्येक दशकं सैन्यात राबलेला. आपल्याकडे जबलपूरमध्ये १९५९पासून बनू लागलेला शक्तिमान ज्यांनी पाहिलाय, त्यांना त्याचा चेहरा ओळखीचा वाटेल.

आता नावातल्या अडीच टनांची गोम. हा भार खडबडीत, बिनरस्त्याच्या जमिनीसाठी सांगितलेला आहे, सुमारे २,२७० किलो. पक्क्या रस्त्यावर तोच ट्रक दुप्पट, साधारण ४,५०० किलो उचलतो. म्हणजे वजनाच्या बाबतीत छोट्या जीपची त्याला काहीच पर्वा नाही. अडचण येते ती लांबीची.

हौद्याची आतली लांबी सुमारे ३.७३ मीटर आणि रुंदी २.२३ मीटर. महायुद्धातली विलिस जीप ३.३३ मीटर लांब, १.५७ मीटर रुंद आणि साधारण १,१०० किलोची. मागेपुढे मिळून ४० सेंटीमीटर शिल्लक राहतात, बस्स. आपली मारुती ८०० जवळपास तेवढ्याच लांबीची, तीही बसेल. जिप्सी मात्र चार मीटरची, ती नाही बसणार. इथेच लोकांना मोह होतो. मागचा फाळका आडवा उघडा ठेवायचा आणि गाडीची मागची चाकं त्याच्यावर टेकवायची. हे करू देऊ नका. फाळका दोन साखळ्यांवर लटकलेला असतो, तो माल अडवायला असतो, चाकांचं वजन पेलायला नव्हे. गाडी लांब असेल तर ट्रक मोठा हवा. पाच टनी एम-९२३ चा हौदा १४ फुटांचा, म्हणजे ४.२७ मीटर येतो.

चढवायची कशी?

हौद्याची जमीन जमिनीपासून अंदाजे १.३ मीटर वर असते, साधारण छातीपर्यंत. तीन मीटरच्या फळ्या लावल्या तर चढ जवळजवळ २५ अंशांचा होतो. घाटातला कुठलाही रस्ता याच्या आसपासही जात नाही. एवढ्या चढावर गाडीचं नाक आभाळाकडे असतं, चालकाला फळी दिसत नाही, आणि फळीवरून चढताना बुडाला मध्येच अडकण्याची शक्यता असते. पाच मीटरच्या फळ्यांनी चढ १५ अंशांवर येतो, पण तेवढ्या लांब आणि तेवढं वजन सोसणाऱ्या फळ्या मग ठेवायच्या कुठे?

जाणकार म्हणूनच फळ्यांवर विसंबत नाहीत. ते जागा शोधतात. गोदामाच्या धक्क्याची उंची या हौद्याशी जुळते. ट्रक उलटा लावला की जीप सरळ आत. धक्का नसेल तर मातीचा बांध किंवा रस्त्याकडेचा उतार. हे आपल्या गावाकडच्या माणसाला शिकवायची गरज नाही. म्हैस असो की ट्रॅक्टर, ट्रकमध्ये चढवायचं म्हणजे आधी ट्रक बांधाला लावायचा, हे तिथलं पोरही सांगेल.

आणखी एक साधी गोष्ट कुणाच्या आधी लक्षात येत नाही. गाडी चालवत आत नेली, मग बाहेर कसं यायचं? मारुतीसारख्या गाडीला दोन्ही बाजूंना ४० सेंटीमीटर उरतात. दार जेमतेम किलकिलं होतं, त्यातून पोट आत घेऊन निघावं लागतं. तेव्हा हौद्याच्या पुढच्या बाजूला हाताने फिरवायचा विंच पक्का बसवून गाडी हळूहळू ओढून घेणं सगळ्यात बरं. ट्रकचा स्वतःचा विंच असला तरी तो पुढच्या बंपरवर असतो, या कामाला तो उपयोगी नाही. ओढताना तारेच्या रेषेत आणि गाडीच्या मागे कोणीही उभं राहायचं नाही. व्हिडिओ काढणारी मुलं नेमकी तिथेच उभी असतात.

बांधणं

अमेरिकेच्या माल वाहतुकीच्या नियमांत याचं गणित दिलंय आणि ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. जोरात ब्रेक लागला तर माल त्याच्या वजनाच्या ८० टक्के जोराने पुढे झेपावतो, असं धरून बांधायचं. मागे आणि बाजूला ५० टक्के. म्हणजे ११०० किलोची जीप ब्रेक लागताच ८८० किलोच्या जोराने चालकाच्या केबिनकडे निघते. गाडी गिअरमध्ये आहे, हँडब्रेक ओढलाय, एवढ्याने ती थांबत नाही. चाकं फिरली नाहीत तरी पत्र्याच्या जमिनीवर, त्यातून ओल्या, ती सरळ घसरते.

नियम कमीत कमी दोन बांधण्या मागतो, एक पुढून, एक मागून, आणि सगळ्या पट्ट्यांची मिळून ताकद मालाच्या वजनाच्या निम्मी तरी हवी. माझं मत विचाराल तर दोनावर कोणी थांबू नये. चारही कोपऱ्यांना रॅचेटचे चार पट्टे, मागचे दोन एकमेकांना छेद देऊन. दोन इंची चांगल्या पट्ट्यावर त्याची सुरक्षित क्षमता छापलेली असते, बहुधा दीड टनाच्या आसपास. छापलेलं नसेल किंवा पुसलं गेलं असेल तर तो पट्टा घरी गादी बांधायला ठेवा.

पट्टा अडकवायचा कुठे, यावर हौशी लोक तासन्तास वाद घालतात. चेसीला बांधून गाडी खाली दाबली, तर खड्ड्यात तिच्या स्प्रिंगा आणखी दबतात आणि त्या क्षणी पट्टा सैल पडून हूक निसटू शकतो. एक्सलला किंवा चाकांना बांधलं तर गाडीचं अंग वर-खाली हलत राहतं, पण पट्टे ताठ राहतात. मला दुसरी रीत पटते. चाकांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे ठोकायचे, ते वेगळंच. आणि पहिल्या ८० किलोमीटरच्या आत एकदा थांबून सगळं तपासायचं. हाही तिथला नियमच आहे, कारण पट्टे सुरुवातीलाच सर्वांत जास्त सैल होतात.

ज्याबद्दल कोणी बोलत नाही

छंदाच्या गप्पांत इंजिनाचं फार कौतुक होतं. ७.८ लिटरचं, डिझेलशिवाय इतर इंधनंही पचवणारं. लिटरला चारेक किलोमीटर देतं, हे जरा हळू आवाजात सांगितलं जातं. ब्रेकचा विषय तर निघतच नाही. जुन्या एम-३५ ला हवेच्या मदतीने चालणारे हायड्रॉलिक ब्रेक असतात आणि त्या तेलाचा मार्ग एकच असतो. दहांपैकी कुठल्याही एका चाकाशी गळती झाली की सगळ्याच चाकांचे ब्रेक जातात. उरतो फक्त हातब्रेक, आणि तो उभ्या ट्रकसाठी असतो. ट्रक रिकामा साडेपाच-सहा टनांचा, वर जीप, समोर उतार. पॉवर स्टिअरिंगही नाही.

समजूतदार मालक म्हणून आधी ब्रेक दोन स्वतंत्र मार्गांचे करून घेतात, जुन्या रबरी नळ्या बदलतात, आणि मगच हौद्यात काही ठेवतात. एम-९२३ ला पूर्ण हवेचे ब्रेक आणि पॉवर स्टिअरिंग मिळतं, म्हणून कुटुंबासोबत फिरणारे आता तिकडे वळतात. वळणांवरही जपावं लागतं. एवढ्या उंचीवर जीप ठेवली की ट्रकचा तोल वर सरकतो. आडव्या उतारावर तो कधी कलंडेल याचा अंदाज चालकाला बसल्या जागी येत नाही. वेगाची हद्द मुळातच ९० किलोमीटर आहे, ७०च्या वर जाण्याचं कारण नाही.

मग मागे ओढत का नेत नाहीत? ओढणं सोपं असतंच, सपाट महामार्गावर तेच करावं. पण जंगलातल्या अरुंद वाटेवर मागे गाडी असताना ट्रक उलटा घेता येत नाही. शिवाय हौद्यातली गाडी म्हणजे निव्वळ माल. तिची चाकं रस्त्याला लागत नाहीत, तेव्हा नंबरप्लेट नसलेली, अर्धवट दुरुस्त गाडीही नेता येते.

तुमच्या घरची स्कूटर

हे सगळं दूरचं वाटत असेल, तर बदलीच्या वेळी टेम्पोत चढवलेली तुमची स्कूटर आठवा. नियम तेच. स्टँडवर उभी करून एका दोरीने बांधलेली दुचाकी पहिल्या गतिरोधकाला पडते. दोन्ही बाजूंनी पुढून पट्टे घेऊन पुढचं सस्पेन्शन थोडं दबेल इतकी ओढायची, मागचं चाक वेगळं बांधायचं, पुढचं चाक टेम्पोच्या भिंतीला टेकवायचं. टाकीत पेट्रोल अगदी थोडं ठेवा, बॅटरीची वायर काढा. आरसे उतरवून पिशवीत घाला. चढवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा आणि किलोमीटरच्या आकड्याचा एक वेगळा.

इंदूरहून बेंगळुरूला कायमचे निघाला असाल, तर जुन्या आरटीओकडून ना-हरकत दाखला आधीच घ्या. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो, आणि तेव्हा हाच दाखला पहिल्यांदा मागतात.