उंटांच्या पुढे राहा!
मोरोक्कोच्या सहारात १९८६पासून होणारी ‘मॅराथॉन दे साब्ल’ ही सुमारे २५० किलोमीटरची, टप्प्याटप्प्यांची पायी शर्यत. आठवड्याचं अन्न आणि अंथरूण पाठीवर. सर्वांत मागे उंट चालतात. त्यांच्या पुढे आहात तोवर शर्यतीत आहात. म्हणूनच नेटाने चालत राहणाऱ्यालाही इथे मानाची जागा आहे.

वसईकरांनी या शर्यतीचा सराव राजोडी-कळंबच्या किनाऱ्यावर जरूर करावा, पण ओहोटीच्या ओल्या, घट्ट पट्ट्यावर नव्हे. वरच्या भुसभुशीत, कोरड्या वाळूत, पाठीवर ओझं घेऊन. उष्म्याचं गणित मात्र उलटं. आपल्याकडे घाम निथळतो; वाळवंटात तो क्षणात उडतो आणि शरीरातलं पाणी घटल्याचं कळतच नाही. पाण्यासोबत मीठही हवंच. नुसतं पाणी ढोसणं जिवावर बेतू शकतं. अंगाला उष्म्याची सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात.