बॅकअप झाला, पण आजीची फाइल आलीच नाही

आजचा विषय, बॅकअपमधला 'रीड एरर'.

गेल्या दिवाळीत घरच्या जुन्या लिनक्स पीसीवरचा डेटा मी आरसिंकने वायफायवरून लॅपटॉपवर घेत होतो. शेवटी एरर कोड २३ आला. म्हणजे काही फाइल्स आल्याच नाहीत. मला वाटलं, नेटवर्क गंडलं. राउटर रिस्टार्ट केला, तरी तेच. मग लॉग वाचला. दर वेळी त्याच तीन फाइल्स अडत होत्या. त्यातलं एक आजीच्या आवाजाचं रेकॉर्डिंग. पोटात गोळाच आला.

पण खूण तीच होती. नेटवर्क खराब असेल तर गाडी बहुतेक दर वेळी वेगळ्या फाइलवर अडते. तीच फाइल अडत असेल तर गडबड मूळ कॉम्प्युटरवर शोधा.

ती फाइल तिथेच पेनड्राइव्हवर कॉपी करून बघा. 'परमिशन डिनाइड' आलं तर बॅकअप घेणाऱ्या युजरला वाचायची परवानगी द्या. विंडोजवर 'फाइल इन यूज' आलं तर ती उघडून बसलेला प्रोग्राम बंद करा. आणि माझ्यासारखा 'इनपुट आउटपुट एरर' आला, तर बहुधा डिस्कच जातेय. मग पुन्हापुन्हा प्रयत्न नको, रिपेअर टूलही आधी नको. आधी महत्त्वाचा डेटा बाहेर काढा. मी डीडीरेस्क्यू वापरलं. ते आधी डिस्कचा चांगला भाग वाचतं, खराब भागाकडे नंतर वळतं.

रेकॉर्डिंग मिळालं. दोन ठिकाणी आवाज तुटतो, पण आजी बोलते.

तेव्हा बॅकअप संपला म्हणून उठू नका, लॉग वाचा. भेटू पुढच्या भागात!