श्टायरची आखूड रायफल

एन्स आणि श्टायर या नद्यांच्या संगमावर वसलेल्या श्टायर नावाच्या ऑस्ट्रियन नगराचा लोखंडाशी ऋणानुबंध पुरातन आहे. तेथेच योझेफ वेर्न्ड्ल याने १८६४ साली काढलेल्या कारखान्याने पुढे मानलिखर रायफलींच्या जोरावर युरोपभर कीर्ती मिळवली, आणि फौजांची मागणी मंदावली तेव्हा सायकलीही घडवल्या. ऑस्ट्रियन सैन्याने १९७७ साली मंजूर केलेली ‘आउग’ ही रायफल याच घराण्याची कन्या. पण पूर्वजांशी तिचे रूपसाम्य शोधू गेल्यास निराशाच पदरी पडते.

तत्पूर्वी ऑस्ट्रियन शिपायाच्या हाती बेल्जियन आराखड्याची, सुमारे ११०० मिलिमीटर लांबीची रायफल असे. संचलनात ती शोभे. चिलखती गाडीच्या अरुंद दारातून उतरताना मात्र एवढी लांबी अडचणीचीच. आता नळी कापावी, तर गोळीचा वेग घटतो. म्हणून श्टायरच्या अभियंत्यांनी नळीला हात न लावता, आजवर केवळ खांद्याला टेकण्यापुरता उरलेला दस्ता कामास जुंपला, आणि काडतूस चढवणारी यंत्रणा मॅगझिनसह चापाच्या मागे, त्या दस्त्याच्या पोटात नेऊन बसवली. परिणामी नळी ५०८ मिलिमीटरची राहूनही संपूर्ण शस्त्र ७९० मिलिमीटरांत मावले. कल्पना मुळात त्यांची नव्हे. याच मांडणीची एक रायफल ब्रिटनने १९५१ साली मंजूर केली होती, आणि चर्चिलसाहेब पुन्हा अधिकारारूढ होताच ती मंजुरी दफ्तरात गाडलीही गेली.

श्टायरकरांचे खरे धाडस सामग्रीत दिसते. लाकडाला त्यांनी सपशेल रजा दिली. बाह्य कवच हिरव्या प्लॅस्टिकचे, आणि आघात सोसणारा आतला घोडासुद्धा प्लॅस्टिकचाच, ही गोष्ट त्या काळच्या जुन्या शस्त्रागार-अधिकाऱ्यांस पाखंडच वाटली असावी. मॅगझिन अर्धपारदर्शक, त्यामुळे तिसांपैकी किती काडतुसे शिल्लक आहेत याचा हिशेब नजरेनेच लागतो. नळी क्षणात उतरवून दुसऱ्या लांबीची चढवता येते. आणि बंदूक उचलण्याची मूठ म्हणजेच दीडपट मोठे दाखवणारी दुर्बीण. चाप अर्धा ओढला तर एक गोळी, पूर्ण ओढला तर गोळ्यांची सरबत्ती; निराळी कळ नाहीच.

दोषही आहेत, आणि ते त्याच मांडणीतून उपजलेले. चाप पुढे आणि घोडा मागे, म्हणून दोहोंमध्ये लांब दांड्यांची मध्यस्थी येते आणि नेमबाजाच्या बोटाला चापाचा स्पर्श मऊ, काहीसा अनिश्चित लागतो. डावखुऱ्याने यंत्रणेतला बोल्ट बदलून न घेता बंदूक डाव्या खांद्याला लावली, तर रिकामे काडतूस थेट त्याच्या गालाशी सलगी करू पाहते.

तरीही आयर्लंडने ती घेतली, ऑस्ट्रेलियाने लिथगोच्या कारखान्यात स्वतः बनवली. सामान्यजनांना तिची भुरळ पडली ती मात्र या गुणांमुळे नव्हे, रूपामुळे. आणि विनोद असा, की भविष्यकाळातून आल्यासारखे भासणारे हे रूप कोणा सजावटकाराने रेखाटलेले नसून, गरजांच्या रोकड्या हिशेबातून आपोआप उतरलेले आहे. चित्रपटवाल्यांनी ते अचूक हेरले: १९८८ च्या ‘डाय हार्ड’मध्ये ही रायफल खलनायकाच्या उजव्या हाताकडे, कार्लकडे दिली आहे. पुढच्याच वर्षी अमेरिकेने अशा रायफलींच्या नागरी, अर्धस्वयंचलित आवृत्त्यांची आयात रोखली. तेव्हा शौकिनांनी आधीच देशात आलेल्या मोजक्या आउगांसाठी चढे दाम मोजण्यास सुरुवात केली.