हाडं, सळ्या आणि मेसचं वरण

मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

मागच्या दिवाळीआधी आजी बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या. जेवण मात्र तेच, चहा-खारी आणि मऊ भात. आईने तिला उसळ, दही, मुगाची धिरडी द्यायचं ठरवलं, तर मीच शहाणपणा केला. "प्रोटीन वाढलं की लघवीतून कॅल्शियम जातं, हाडं झिजतात!" कुठेतरी वाचलं होतं. आणि सगळ्यांनी ऐकलं, इंजिनिअरिंगची पोरगी ना!

हॉस्टेलवर परतल्यावर नीट वाचलं आणि लाज वाटली. लघवीत कॅल्शियम वाढतं हे खरं, पण ते हाडातून येतं हा नुसता अंदाज होता. कॅल्शियमच्या आयसोटोपचा माग काढल्यावर दिसलं, की प्रोटीन वाढवल्यावर आतडंच अन्नातलं कॅल्शियम जास्त शोषतं. लघवीतलं जादा कॅल्शियम बहुतेक तिथलंच. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या, 2000 साली छापलेल्या पाहणीत तर सगळ्यात कमी प्रोटीन खाणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं हाड चार वर्षांत जास्त घटलं होतं. जिनिव्हात खुबा मोडलेल्या पेशंटना सहा महिने 20 ग्रॅम जादा प्रोटीन दिलं, तेव्हा त्यांच्या खुब्याच्या हाडाची झीज कमी झाली (1998).

आम्हा सिव्हिलवाल्यांना हे आधीच कळायला हवं होतं. हाड म्हणजे आरसीसी! कॅल्शियम-फॉस्फेटचे क्षार म्हणजे काँक्रीट, दाब सोसणारं. कोलॅजेन नावाचं प्रोटीन म्हणजे सळ्या, ताण घेणाऱ्या. हाडाच्या आकारमानाचा जवळपास निम्मा भाग प्रोटीनचाच असतो. शाळेत कोंबडीचं हाड व्हिनेगरमध्ये ठेवलं होतं. क्षार विरघळले आणि हाड रबरासारखं वाकलं. ते वाकणारं म्हणजे कोलॅजेन. शिवाय हे बांधकाम आयुष्यभर पाडून पुन्हा बांधलं जातं, म्हणजे सळ्या रोज नव्या लागतात. आम्ही आजीला नुसत्या सिमेंटच्या गोण्या पाठवत होतो. (नुसत्या सळ्यांनीही भागत नाही हं, गोळ्या चालूच आहेत.)

मी फोनवर आईची माफी मागितली. आता धिरडी सुरू आहेत, आजी वॉकर घेऊन देवघरापर्यंत जाते.

आपलं काय? आयसीएमआरच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे वजनाच्या किलोमागे रोज 0.83 ग्रॅम, म्हणजे 50 किलोच्या मुलीला साधारण 42 ग्रॅम. 30 ग्रॅम कोरड्या डाळीतून जेमतेम सहा-सात ग्रॅम मिळतं. आपल्या वरणात तर पातेल्याचा तळ दिसतो. तेव्हा मेसच्या काकांना विनंती, वाढताना डाव जरा खालपर्यंत घाला.