समुद्ररेषा, त्रिशूळ आणि एक मिलिमीटर

१९७० साली इंग्लंडमधल्या लीड्स शहरात एक विचित्र चोरी झाली. मिडलटन भागातल्या सेंट क्रॉस चर्चमध्ये चोरांनी ना चांदीच्या समया उचलल्या, ना दानपेटी फोडली. त्यांनी हात घातला तो थेट कोनशिलेला. बांधकामाच्या वेळी तिच्याखाली त्या वर्षीच्या नाण्यांचा एक संच पुरला होता आणि त्यात १९३३ सालची एक पेनी होती. चोरांना हवी होती तीच. या चोरीची धास्ती एवढी बसली, की रिपनच्या बिशपांनी त्याच शहरातल्या सेंट मेरी चर्चखालची १९३३ ची पेनी स्वतःच उकरून काढायला लावली आणि १९७२ मध्ये लिलावात विकून टाकली.

ब्रिटिश पेनीबद्दलचा सगळ्यात चिवट गैरसमज याच नाण्याभोवती आहे. १९३३ ची पेनी पुष्कळ निघाली, पुढे हरवली, आणि नीट शोधलं तर आजीच्या डब्यात एखादी सापडेल, असं इंग्लंडमधल्या किती पिढ्यांना वाटत आलं. शाळकरी पोरं सुट्ट्या पैशांत ती धुंडाळायची. प्रत्यक्षात त्या वर्षी बाजारात पेन्या भरपूर होत्या, त्यामुळे टांकसाळीने वापरासाठी एकही पाडली नाही. कोनशिलांखाली ठेवायला आणि संग्रहालयांना द्यायला मोजक्याच, साधारण सात पेन्या ठोकल्या गेल्या. मग कोणी दाखवतो ती ‘१९३३’ कुठून येते? बहुतेक वेळा दुसऱ्याच सालच्या पेनीचा शेवटचा आकडा कोरून त्याचा तीन केलेला असतो. भिंगाखाली धरलं की आकड्याभोवती खरवडल्याच्या खुणा दिसतात.

‘जुनं म्हणजे मौल्यवान’ हा दुसरा समज तर सार्वत्रिक आहे. नाणं जितकं जुनं, तितकी किंमत जास्त, असं गणित असतं तर सतराशे वर्षांपूर्वीची रोमन तांब्याची नाणी परवडलीच नसती. ती आजही स्वस्तात मिळतात, कारण ती ढिगांनी उरली आहेत. १७९७ ची तांब्याची पेनी घ्या. बर्मिंगहॅमजवळच्या सोहो इथे मॅथ्यू बोल्टनने ती वाफेच्या यंत्रावर पाडली. जाड उंच काठामुळे तिला ‘कार्टव्हील’, म्हणजे गाडीचं चाक, असं नाव पडलं. वजन बरोबर एक औंस, म्हणून दुकानदार ती तागडीत वजन म्हणूनही टाकत. हे नाणं १७९९ पर्यंत पाडलं गेलं, पण सगळ्यांवर साल एकच, १७९७. दोनशे वर्षं उलटली तरी झिजलेली कार्टव्हील सामान्य संग्राहकाच्या खिशाला झेपते.

उलट अर्थाने पाहायचं तर १९५१ ची पेनी. वय जेमतेम पाऊणशे वर्षं, पण पाडल्या फक्त १,२०,०००. त्याआधीच्या वर्षी २,४०,०००. दोन्ही वर्षांचा बहुतेक माल बर्म्युडाला रवाना झाला. पुढे नाणेविक्रेत्यांनी तो परत मागवला, त्यामुळे ही नाणी अजून बरीच नवी-कोरी मिळतात. तरीही एखाद्याच्या संग्रहात १९५१ ची खोबण रिकामीच राहिलेली असते. १९५४ ची तर आज एकच पेनी ठाऊक आहे. अशी वर्षं सोडली, तर शेवटच्या काळातल्या पेन्यांना फारसा भाव नाही. १९६७ साल घातलेल्या पेन्या ६५ कोटींहून जास्त आहेत. ते साल १९७० पर्यंत तसंच छापलं जात होतं. ‘शेवटचं वर्ष म्हणजे दुर्मीळ’ हे म्हणणं इथे सपशेल पडतं.

खरी मौज सालात नाही, ठशात आहे. नाणं ज्या पोलादी ठशाने पाडतात, तो बदलला की चित्रात केसभर फरक पडतो, आणि संग्राहक नेमका तो केस शोधत बसतो. १९०२ च्या पेनीवर त्रिशूळ घेऊन बसलेल्या ब्रिटानियाच्या (ब्रिटनचं प्रतीक असलेल्या स्त्रीच्या) मागची समुद्राची रेषा काही नाण्यांवर खाली उतरलेली आहे. संग्राहक तिला ‘लो टाइड’, म्हणजे ओहोटी म्हणतात. १८९५ च्या पेनीत बघायचं ते त्रिशूळ आणि ‘पेनी’ शब्दातलं पहिलं अक्षर यांच्यामधलं अंतर. ते बहुतेकदा एक मिलिमीटर असतं. दोन असेल तर दुर्मीळ. १८६३ च्या काही पेन्यांवर सालाखाली एक बारीक आकडा आहे, तो ठशाचा क्रमांक. अशा पेन्या बोटांवर मोजण्याइतक्याच सापडल्या आहेत. बाकी पेनी अगदी साधी, अंबाडा बांधलेल्या तरुण व्हिक्टोरियाची. या अंबाड्यामुळेच १८६० ते १८९४ च्या पेन्यांना इंग्लंडमध्ये ‘बन पेनी’ म्हणतात.

अक्षरखुणांचं प्रकरण त्याहून घोळाचं. सालाजवळ ‘एच’ दिसला की विक्रेते आवाज चढवतात. हा एच म्हणजे बर्मिंगहॅमची हीटन टांकसाळ. रॉयल मिंटवर कामाचा भार पडला, की तिच्याकडून पेन्या पाडून घेत. १९१२ मध्ये हीटनने दीड कोटीहून जास्त पाडल्या, तेव्हा एच आहे म्हणून भुलायचं कारण नाही. १९१८ आणि १९१९ मध्ये किंग्ज नॉर्टन कंपनीने पाडलेल्या ‘केएन’ खुणेच्या पेन्या मात्र चांगल्या अवस्थेत मिळणं कठीण. आणि १८८२ ची गंमत तर बरोबर उलटी. त्या वर्षी लंडनची टांकसाळ यंत्रं बदलण्यासाठी कित्येक महिने बंद होती, त्यामुळे पेन्या हीटनच्याच. एच असलेली सामान्य, एच नसलेली महादुर्मीळ! त्यामुळे कानशीने एच घासून काढणारे बहाद्दरही निपजले.

नाणं चकचकीत केलं की भाव वाढतो, ही समजूत तर आपल्याकडेही घट्ट आहे. चिंच-मिठाने घासलेली तांब्याची पेनी चमकते खरी, पण त्या चमकेबरोबर पृष्ठभागाचा मूळ थर निघून जातो आणि जाणकार ती लगेच बाजूला सारतो. १९४४ ते १९४६ च्या पेन्या तर टांकसाळीनेच मुद्दाम काळवंडून बाहेर सोडल्या होत्या. जुन्या छायाचित्रकारांना माहीत असलेल्या हायपोचा त्यासाठी वापर झाला. त्या घासून लख्ख करणं म्हणजे टांकसाळीचं काम पुसणंच.

मात्र नाणं खराब केलं म्हणजे ते वाया गेलं, हेही दर वेळी खरं नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये १९०३ ची एक पेनी आहे. तिच्यावर सातव्या एडवर्डच्या चेहऱ्यावरच ‘व्होट्स फॉर विमेन’ अशी अक्षरं ठोकलेली आहेत. मताधिकारासाठी लढणाऱ्या स्त्रियांनी राजाचं तोंड आपल्या घोषणेचा फलक केला. इतक्या सुट्ट्या नाण्यांत असं एखादं फिरत राहणार आणि ते परत गोळा करणं कोणाला परवडणार नाही, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

महाराष्ट्रात ‘ब्रिटिश पेनी’ म्हणून दाखवलं जाणारं नाणं पुष्कळदा व्हिक्टोरियाचा पाव आणा असतो. फरक ओळखणं अवघड नाही. पेनीच्या मागे ब्रिटानिया बसलेली असते, पाव आण्याच्या मागे किंमत आणि ‘इंडिया’ लिहिलेलं असतं. शिवाय १८६० नंतरची पेनी जवळजवळ ३१ मिलिमीटर रुंद, पाव आणा त्यापुढे चिमुकला. १८१८ सालची ईस्ट इंडिया कंपनीची म्हणून फिरणारी राम-दरबार छापाची नाणी तर कंपनीने कधी पाडलीच नाहीत, ती नंतर बनवलेली टोकनं. पण बोल्टनच्या सोहो टांकसाळीचं मुंबईशी खरोखर नातं आहे. कार्टव्हीलच्या सहा वर्षं आधी, १७९१ मध्ये, तिथून मुंबई इलाख्यासाठी तांब्याचे पैसे पाडून पाठवले गेले. त्यांच्या एका बाजूला कंपनीची मालखूण आहे, दुसऱ्या बाजूला तराजू आणि त्याच्या पारड्यांमध्ये फारसी लिपीत ‘आदिल’, म्हणजे न्यायी.