संगणकातला चेंडू बॅटच्या आरपार का जातो?

नागपूरजवळच्या जामठा मैदानावर खापरखेड्याच्या उमेश यादवसारख्या गोलंदाजाने ताशी 140 किलोमीटर वेगाने चेंडू टाकला, तर फलंदाज चकू शकतो. पण बॅटच्या मधोमध आलेला चेंडू लाकडातून पलीकडे निघून गेला, असे होत नाही. संगणकावरील क्रिकेटमध्ये मात्र हे सहज घडू शकते, आणि दोष फलंदाजाचा नसतो.

संगणकाच्या खेळात हालचाल सलग नसते. टक्कर आणि उसळी यांचे गणित करणारा भाग, म्हणजे 'फिजिक्स इंजिन', सहसा सेकंदाला 60 वेळा प्रत्येक वस्तूची नवी जागा ठरवतो. ताशी 140 किलोमीटरचा चेंडू एवढ्या अवधीत सुमारे 65 सेंटिमीटर पुढे सरकतो. चेंडूचा व्यास जेमतेम 7.2 सेंटिमीटर आणि नियमानुसार बॅटची जाडी जास्तीत जास्त 6.7. चेंडू बॅटला भिडलेला असण्याचा टापू जेमतेम 14 सेंटिमीटरचा. दोन वस्तू एकमेकींत शिरल्या आहेत का, एवढेच प्रत्येक टप्प्यावर तपासले, तर सरळ बॅटवर येणाऱ्या पाचांपैकी जवळपास चार चेंडूंचा इंजिनाला पत्ताच लागणार नाही. टप्पे पाचपट वाढवता येतील, परंतु मग साऱ्या मैदानाचे गणित पाचपट करावे लागेल.

त्यावरचा उपाय 'शेप स्वीप'. चेंडू कुठे पोहोचला एवढेच न पाहता, जाताना त्याने व्यापलेली सारी जागा तपासायची. गोल चेंडूच्या सरळ वाटेचा आकार औषधाच्या कॅप्सूलसारखा होतो. गणित सोपे करण्याची युक्ती मोठी गमतीची आहे: बॅट सर्व बाजूंनी चेंडूच्या त्रिज्येइतकी फुगवायची आणि चेंडूचा बिंदू करायचा. मग एक रेषा त्या फुगलेल्या बॅटला प्रथम कुठे छेदते, एवढाच प्रश्न उरतो. उत्तर 0 ते 1 मधील अपूर्णांकात येते. ते 0.4 आले, तर चेंडू 26 सेंटिमीटरवर थांबवून त्याची दिशा बदलायची आणि उरलेला वेळ नव्या दिशेने खर्च करायचा. बॅट सरळ रेषेत पुढे येत असेल, तर तिला स्थिर मानून तिचा वेग चेंडूच्या वेगातून वजा केला की झाले.

खरी पंचाईत बॅट फिरते तेव्हा होते. सापेक्ष वाट सरळ राहत नाही, आणि साधा स्वीप वस्तूचे फिरणे जमेस धरतच नाही. अशा वेळी दोन आकारांतील किमान अंतर काढून त्याला जवळ येण्याच्या कमाल शक्य वेगाने भागतात; तेवढा वेळ बिनधास्त पुढे जाता येते. मग पुन्हा अंतर मोजायचे. हे अंतर काढण्याची प्रसिद्ध 'जीजेके' पद्धत 1988 मध्ये गिल्बर्ट, जॉन्सन आणि कीर्ती यांनी मांडली.

एवढा खटाटोप प्रत्येक वस्तूसाठी परवडत नाही. म्हणून 'अँग्री बर्ड्स'मध्ये वापरल्या गेलेल्या 'बॉक्स2डी' इंजिनात वेगवान वस्तूवर 'बुलेट' अशी खूण करण्याची सोय आहे. खूण नसेल, तर दोन हलत्या वस्तू एकमेकींतून निसटू शकतात.